बारावीनंतर कॉलेज: जळगाव, धुळे, नंदुरबारहून नेहमी येणारे प्रश्न

बारावीच्या वर्षात मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी केले आहेत. सोपे वर आहेत, किचकट खाली. इंजिनिअरिंगचं पारडं जड आहे, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिथलीच होते. प्रवेश फेऱ्यांचे नियम २०२५-२६ या वर्षातले धरले आहेत. दरवर्षी सीईटी सेल (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) माहितीपुस्तिका काढतो, आणि तुमच्या वर्षासाठी तिचाच शब्द शेवटचा.

१. आधी निकाल लागू दे, मग कॉलेजचं बघू, असं घरचे म्हणतात. चालेल का?

कला, वाणिज्य किंवा साध्या बी.एस्सी.ला जायचं असेल तर चालेल. बाकी जवळपास कुठेच नाही. एमएचटी-सीईटीचे अर्ज डिसेंबरअखेर ते जानेवारीत सुटतात, परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते आणि बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. म्हणजे गुणपत्रिका हातात पडते तोवर अर्जाची मुदत कधीच उलटून गेलेली असते. दर मे महिन्यात कुणी ना कुणी चांगल्या टक्क्यांची गुणपत्रिका पाठवून विचारतंच, "सर, इंजिनिअरिंगला कुठे लागेल?" सीईटी दिलेली नसते. मग त्या वर्षापुरतं सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

२. कोणत्या कोर्सला कोणती परीक्षा?

इंजिनिअरिंग, बी.फार्म आणि बी.एस्सी. ॲग्रीला एमएचटी-सीईटी. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीला नीट. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी, पाच वर्षांच्या लॉची वेगळी. बीबीए-बीसीएचा घोळ प्रश्न १७ मध्ये आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटींसाठी जेईई मेन आणि आयआयटीसाठी त्यापुढे जेईई ॲडव्हान्स्ड.

दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचं तर सीयूईटी द्यावी लागते. आपल्याकडची मुलं हिच्या वाटेलाच जात नाहीत. खरं तर ती मराठीतूनही देता येते. नीटही मराठीतून देता येते. एमएचटी-सीईटीत मात्र गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला मराठीचा पर्याय आहे.

३. पीसीएम आणि पीसीबी, दोन्ही ग्रुप ठेवू का?

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं असेल तर ठेवता येतात, पण परीक्षा दोन वेगळ्या होतात आणि गुणांकनही वेगळं. प्रत्येक परीक्षा २०० गुणांची. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायनचे ५०-५०, प्रत्येकी १ गुण. म्हणजे निम्मा पेपर गणिताचा. ज्याचं गणित कच्चं त्याने इथे खोटी आशा धरू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि अकरावी 'आरामात' काढलेल्या मुलांना तोच नडतो.

बी.फार्म आणि ॲग्रीला दोन्हींपैकी कोणताही ग्रुप चालतो. तेवढंच हवं असेल तर उगाच दोन पेपरांच्या मागे पळू नका.

४. मला ८५ पर्सेंटाइल आहे. म्हणजे ८५ टक्के ना?

नाही. परीक्षा दिलेल्या शंभरांतले साधारण ८५ जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बारावीच्या टक्क्यांशी त्याची तुलना करू नका. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक याच पर्सेंटाइलवर ठरतो. बारावीचे गुण पात्रतेपुरते (प्रश्न २१ पाहा).

५. कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची?

अकरावीच्या उन्हाळ्यात. बारावीच्या जूनमध्ये सेतू केंद्रासमोर अख्खा तालुका उभा असतो आणि सर्व्हर बसलेला असतो.

सगळ्यांना लागणारे: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे नुसतं डोमिसाइल म्हणतात. दाखल्यावर जन्मठिकाण महाराष्ट्रातलं असेल तर डोमिसाइलवाचूनही भागतं. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर बऱ्याचदा बऱ्हाणपूर नाहीतर सुरत असतं. दाखल्यावर 'जन्मठिकाण: सुरत' लिहिलेलं असेल तर डोमिसाइलशिवाय सुटका नाही. आजच दाखला काढून ती ओळ वाचा.

शुल्क सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता लागते. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना नॉन-क्रीमी लेयरही लागतं, आणि ते प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुनं प्रमाणपत्र जोडून अर्ज परत आल्याची उदाहरणं दरवर्षी ढिगाने असतात.

नावाचं स्पेलिंगही तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावात डब्ल्यू आणि आधारवर व्ही, किंवा एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे 'भाऊसाहेब' हे बोलावण्याचं नाव. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार तिच्याबरहुकूम दुरुस्त करून घ्या. उलट्या दिशेने गेलात तर बोर्डात हेलपाटे घालत बसाल.

६. जातीचा दाखला आहे. वैधता वेगळी काढावी लागते का? उशीर झाला तर?

हो, वेगळी. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता पडताळणी समिती देते. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समित्या आहेत. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, प्राचार्यांच्या सहीने जातो. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच द्यावा.

समिती जुने पुरावे मागते, आणि किती जुने ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि ओबीसी-एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबांच्या, नाहीतर पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, किंवा जुने महसुली कागद शोधावे लागतात. हे काम दोन दिवसांचं नाही. वडिलांना, काकांना किंवा सख्ख्या भावंडाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा. काम बरंच हलकं होतं.

उशीर झालाच तर अर्जाची पावती जोडून काही वर्षी मुदत मिळालेली आहे. मुदतीत वैधता आली नाही की तोच विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो. 'सरकार मुदत वाढवतंच' या भरवशावर मुलाचं वर्ष टांगू नका.

७. आम्ही मराठा. ईडब्ल्यूएस काढू की एसईबीसी?

प्रवेश राज्याचा की केंद्राचा, त्यावर आहे. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीला (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १० टक्के जागा आहेत, त्यामुळे सीईटीच्या प्रवेशाला एसईबीसी. केंद्राच्या यादीत एसईबीसी नाही. म्हणून जेईईतून एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) लागतं, तेही केंद्राच्या नमुन्यातलं. ज्यांना कुणबी नोंदीवरून ओबीसीचा दाखला मिळाला आहे त्यांनी ओबीसीचीच वाट धरावी, आणि त्यांना प्रश्न ६ लागू होतो.

शेतकरी घरांनी एक बाब लक्षात ठेवावी. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबर जमिनीचीही अट आहे: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर बाद. कोरडवाहू असो की बागायती, फरक करत नाहीत. त्यामुळे शिंदखेड्याचा सात एकर कोरडवाहूवाला बाद होतो आणि रावेरचा चार एकर केळीवाला बसू शकतो. न्याय्य आहे का, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

८. 'होम युनिव्हर्सिटी' म्हणजे काय? त्याने एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि हा मुद्दा न समजल्यामुळे सर्वाधिक अंदाज चुकतात.

इंजिनिअरिंगच्या बहुतेक कॉलेजांत राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र. तुम्ही बारावी या तीन जिल्ह्यांत केली असेल तर बांभोरी, शिरपूर किंवा धुळ्याची खासगी कॉलेजं इथे तुम्ही ७० टक्क्यांत. कॉलेजची पदवी बाटूची (लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रज्ञान विद्यापीठ) असली तरी गृहविद्यापीठ भौगोलिक क्षेत्रावरच मोजतात.

गोंधळ होतो तो सीमेवर. चाळीसगावच्या मुलाला मालेगाव आणि नाशिक घरचंच वाटतं, पण ते पुणे विद्यापीठाचं क्षेत्र; तिथे तो बाहेरचा. छत्रपती संभाजीनगरलाही तो बाहेरचाच. याउलट पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्यस्तरीय जागा असतात. तिथे ना तुम्हाला फायदा, ना तोटा.

९. मुलाने अकरावी-बारावी लातूरला (किंवा पुण्याला) केली. होम युनिव्हर्सिटी आपलीच राहील ना?

नाही. बारावीची परीक्षा जिथून उत्तीर्ण, ते क्षेत्र गृहविद्यापीठ ठरतं. लातूरहून बारावी म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, पुण्याहून म्हणजे पुणे विद्यापीठ. मग बांभोरी-शिरपूरच्या कॉलेजांत तो मुलगा ३० टक्क्यांत येतो. मात्र ज्याचं लक्ष्य पुण्याच्या कॉलेजांवरच आहे, त्याला पुण्यातली बारावी फायद्याची ठरते. अकरावीला गाव सोडतानाच हा हिशेब करायला हवा.

१०. आम्ही सुरतला उधन्याला राहतो, मूळ गाव अमळनेर तालुक्यात. मुलीची बारावी गुजरात बोर्डाची. महाराष्ट्रात ॲडमिशन मिळेल का?

मिळेल. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असलेला उमेदवार 'टाइप ए' असतो. ते नसेल, पण तिचं स्वतःचं, आईचं किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर ती 'टाइप बी'. अशांचं गृहविद्यापीठ डोमिसाइल जिथलं त्यावर ठरतं, म्हणजे अमळनेरचं डोमिसाइल असेल तर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दहावी रावेरला आणि बारावी बऱ्हाणपूरला केलेल्यांनाही हेच लागू.

दोन खबरदाऱ्या. वडिलांचं डोमिसाइल आधी काढून ठेवा. वर्षानुवर्षं सुरतेत राहिल्यावर गावचे पुरावे गोळा करायला वेळ लागतो. आणि गुजरातने दिलेला जातीचा दाखला इथल्या राखीव जागांना चालत नाही, महाराष्ट्राचा दाखला आणि वैधताच लागते.

११. कटऑफची पीडीएफ उघडली, त्यात नुसती अक्षरं आहेत. वाचायची कशी?

रकान्याच्या वर 'जी ओपन एच' असा कोड असतो. पहिलं अक्षर: 'जी' म्हणजे सर्वांसाठी, 'एल' म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे गृहविद्यापीठ, 'ओ' म्हणजे बाहेरचं, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. आकड्याखाली कंसात पर्सेंटाइल असतं, वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक.

खान्देशातल्या मुलीने जळगाव-शिरपूरसाठी 'एल'ने सुरू होऊन 'एच'ने संपणारा रकाना बघायचा, पुणे-नाशिकसाठी 'ओ'ने संपणारा. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या याद्यांत एकच आकडा दिलेला असतो आणि तो कोणत्या रकान्यातला हे कुणी लिहीत नाही. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून खचू नका, शेवटच्या फेरीचाही बघा. 'टीएफडब्ल्यूएस' लिहिलेल्या जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी. त्या मोजक्याच असतात आणि त्यांचा कटऑफ वर असतो, पण पसंतीक्रमात वेगळ्या कोडने त्या भराव्या लागतात. बरेच जण विसरतात.

१२. पसंतीक्रम कसा भरायचा? मिळण्यासारखं कॉलेज वर टाकू का?

नाही, नाही आणि नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि गुणवत्तेत बसणारी पहिली जागा देते. वर अवघड कॉलेजं टाकल्याने खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. म्हणून मनापासून जे हवं ते वर, मग त्याखालचं, आणि शेवटी नक्की मिळेल असं.

२०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तेच. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्या बंद.

समजा धरणगावच्या मुलीला कॉम्प्युटर हवंय. घरच्यांनी 'जळगाव तरी पक्कं होऊ दे' म्हणत शासकीयचं सिव्हिल पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि कॉम्प्युटर तिसऱ्यावर. पहिल्या फेरीत सिव्हिल लागलं. संपलं. तिला तिसऱ्या फेरीत शिरपूरचं कॉम्प्युटर मिळण्यासारखं असलं तरी ती आता फेरीतच नाही. तिची यादी अशी हवी होती: आधी हव्या त्या कॉलेजांचं कॉम्प्युटर, मग आयटी, मग ज्या शाखेला तिची हरकत नाही ती, आणि सिव्हिल तळाशी. मधल्या फेरीत खालचा पर्याय लागला तर जागा स्वीकारून 'बेटरमेंट' निवडायचं. वरचं मिळालं की जुनी जागा आपोआप सुटते, नाही मिळालं तर जुनी हातात राहते.

पहिले सहा पर्याय म्हणजे ज्यात तुम्ही चार वर्षं कुरकुर न करता काढाल असेच सहा. आणि यादी भरताना मुलाला शेजारी बसवा. सायबर कॅफेवाल्याने 'आमच्याकडची तयार लिस्ट' टाकल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात.

१३. कॉलेज बघू की ब्रँच?

नाव नसलेल्या कॉलेजातली हौसेची शाखा की नावाजलेल्या कॉलेजातली नावडती, यात आमचा कल शाखेकडे आहे. अपवाद सीओईपी, व्हीजेटीआय, आयसीटी अशा मोजक्या ठिकाणांचा. तिथे कोणतीही शाखा वाया जात नाही.

सगळे कॉम्प्युटरकडे धावतात म्हणून एक सांगतो. जळगावच्या विद्यापीठ आवारातच यूआयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. केमिकल, फूड, प्लास्टिक्स अशा शाखा तिथे आहेत आणि प्रवेश सीईटीवरच होतो. पाइपांचे कारखाने, दालमिल आणि केळी असलेल्या जिल्ह्यातल्या पोरांनी या शाखा यादीत टाकायलाही लाजावं, हे नवलच.

कॉलेज बघायला जाल तर इमारत बघू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि प्रयोगशाळेत खरोखर हात लावायला मिळतो का, किती शिक्षक वर्षभर टिकले, आणि प्लेसमेंटच्या फलकावरचे चेहरे कोणत्या सालचे आहेत ते विचारा.

१४. भाऊ, पोरगीले पुनाले धाडू का जयगावलेच ठेवू?

पुण्यात मिळणारं कॉलेज जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीपेक्षा स्पष्टपणे सरस असेल तर पुणे. नुसतं 'पुण्यात आहे' म्हणून नको. शुल्क सवलत मिळाली तरी खोली, मेस आणि येणं-जाणं घरूनच करावं लागतं, आणि चार वर्षांत ती रक्कम शिक्षण शुल्काच्या पुढे जाऊ शकते. जळगाव-भुसावळकडच्यांना महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी थेट गाडी तरी आहे. नंदुरबारहून पुणं लांबच पडतं, त्यांनी शिरपूर-धुळे आधी बघावं.

एक मात्र खटकतं. हा प्रश्न मुलांच्या बाबतीत फारसा कुणी विचारत नाही. पोरीचा गुणवत्ता क्रमांक भावापेक्षा वर असताना तिला 'जवळचं' आणि त्याला 'चांगलं' कॉलेज, हे आम्ही दरवर्षी बघतो. अडचण राहण्याची असेल तर शासकीय कॉलेजांच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा आणि मग ठरवा.

१५. मुलींना फी पूर्ण माफ आहे म्हणतात. म्हणजे एक रुपयाही नाही?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आणखी एक अट: प्रवेश कॅपमधून हवा. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस यात नाही. 'एक रुपयाही नाही' हे म्हणून खरं नाही, पण मोठा भार जातो.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांना ८ लाखांच्या आत राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी सवलत. अनुसूचित जाती-जमातींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. राहण्या-जेवणासाठी स्वाधार (अनुसूचित जाती), स्वयम् (जमाती), सावित्रीबाई फुले आधार (ओबीसी) आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा वेगवेगळ्या योजना आहेत. अर्ज बहुतेक महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का' असंच विचारा. नुसतं केवायसी पुरत नाही. प्रवेशाच्या वेळीच सवलतीचा लाभार्थी म्हणून नोंद करून घ्या.

कर्ज घ्यायची वेळ आली तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. शेत गहाण टाकायला बँक सांगत असेल तर लेखी मागा.

१६. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठ, एजंट: यात पडावं का?

आधी फरक ओळखा. शिरपूरला आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था कॅपमध्ये आहे, आणि त्याच गावात एनएमआयएमएसचा परिसर अभिमत विद्यापीठाचा, जिथे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेने होतो. दर्जाचा मुद्दा वेगळा, पण प्रश्न १५ मधल्या सवलती अभिमत विद्यापीठात आणि मॅनेजमेंट कोट्यात धरून चालू नका.

कॅपमधल्या खासगी कॉलेजाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर टाकतं. त्यापेक्षा जास्त मागणी म्हणजे कॅपिटेशन, आणि ते १९८७ च्या कायद्याने बंद आहे. पावती न देणाऱ्याला पैसे नाहीत, एवढं पाळलं तरी पुरे.

एजंट बहुतेक नर्सिंग आणि डी.फार्मचे येतात, परराज्यातली कॉलेजं घेऊन, 'हजेरीची गरज नाही' म्हणत. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची आणि नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते, आणि याद्या उघड असतात. २०२२ च्या नियमांनी डी.फार्मनंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही आणली आहे, तेव्हा हजेरीशिवायचा डिप्लोमा काय कामाचा?

१७. बीसीएला सीईटी दिली नाही. तरी एक कॉलेज 'घेतो' म्हणतंय.

२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागली. त्यानंतर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदललं, म्हणजे बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या पोटात तोच विषय बसवला. तिथे सीईटीशिवाय प्रवेश कायदेशीर असू शकतो. पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येईल ते विद्यापीठाच्या मान्यता पत्रासह लेखी मागा. 'तेच आहे, फक्त नाव वेगळं' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

१८. मेडिकललाही होम युनिव्हर्सिटी असते का?

नाही. पूर्वी मेडिकलला विभागवार ७०:३० होतं, ते २०२० मध्ये रद्द झालं. आता राज्याच्या ८५ टक्के जागांवर संपूर्ण महाराष्ट्राची एकच यादी. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय मेडिकल आहे, पण घराजवळ आहे म्हणून तिथे झुकतं माप मिळत नाही.

१९. साधं बी.एस्सी. किंवा बी.ए. केलं तर वाया जाईन का?

कॉलेज आणि विषय विचारपूर्वक घेतला तर नाही. जळगावचं मू. जे. आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही स्वायत्त कॉलेजं आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. सीईटीत खालचा आकडा आल्यावर कुठल्यातरी कॉलेजात नको ती शाखा भरमसाट फी देऊन घेण्यापेक्षा अशा ठिकाणचं बी.एस्सी. बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पदव्युत्तरला पुणे, मुंबई, हैदराबादची दारं त्यानंतरही उघडीच असतात.

२०. आम्ही धडगावकडचे. नेटवर्क नाही, ओटीपी येत नाही. आणि शहरात राहायची सोय?

अर्जात 'ई-स्क्रुटिनी' न निवडता प्रत्यक्ष पडताळणी निवडा आणि मूळ कागद घेऊन जवळच्या केंद्रावर जा. तिथे अर्जातल्या चुका समोरासमोर दुरुस्त होतात. मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो शहादा-नंदुरबारकडे नेटवर्कमध्ये असतो, आणि प्रवेश पूर्ण होईपर्यंत ते सिम बदलू नका. कॅफेवाल्याचा नंबर तर कधीच नको.

राहण्यासाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. आपल्या भागात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे प्रकल्प कार्यालयं आहेत, चौकशी तिथेच करायची. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेत जेवण-निवासाचे पैसे खात्यात येतात. त्यासाठी वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असावा लागतो, म्हणून 'मिळणारच नाही' असं धरून तो टाळू नका.

२१. पीसीएममध्ये ४५ टक्के नाहीत, पण सीईटी चांगली आहे. आणि एकदा घेतलेला प्रवेश सोडला तर पैसे मिळतात का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण नेहमी एकाच निरोपात येतात.

इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गासाठी पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के ही अट आहे. पर्सेंटाइल ९५ असलं तरी ती सुटत नाही. एखादा विषय राहिला असेल तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा द्या. सगळे विषय निघालेत पण टक्के कमी पडतात, त्यांच्यासाठी मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. ती पुरवणीच्या वेळीही देता येते, पण निकाल येईपर्यंत कॅपच्या फेऱ्या पुढे सरकलेल्या असतात, त्यामुळे बहुतेकांचं वर्ष जातं. ते वर्ष बी.एस्सी.त प्रवेश घेऊन काढलं तरी चालतं. पुढच्या वर्षी सीईटी नव्याने द्यावी लागते, जुना गुणांक चालत नाही. गृहविद्यापीठ मात्र बारावीच्या ठिकाणावरच राहतं.

प्रवेश रद्द करायचा असेल तर कॅपने जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा; हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली तर कॉलेज बरीच कापू शकतं. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं ताब्यात ठेवायला यूजीसीने मनाई केलेली आहे. 'फी पूर्ण भरा, मगच दाखला देऊ' असं कॉलेज म्हणालं तर तोंडी वाद घालू नका. रद्द केल्याची ऑनलाइन पावती आणि लेखी अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि आठ दिवसांत काही हललं नाही तर तीच प्रत तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयाला पाठवा.